फिरत्या पुलाची हिलका

हिलका डोर्नबॉस लग्न होऊन पुलावर राहायला आली तेव्हा तिला पोहता येत नव्हतं. सासऱ्यांना हे कळल्यावर ते म्हणाले, "मग पडू नकोस. तीस वर्षं पूल फिरवला, मला तरी कुठं येतंय?" एवढं बोलून त्यांनी तिच्या हातात लांब लोखंडी दांडा दिला, आणि त्या दिवसापासून पूल तिचा झाला.

कागदावर तो तिचा कधीच नव्हता. कालवा कंपनीच्या दप्तरी नेमणूक होती बेरेंडची, म्हणजे तिच्या नवऱ्याची. पण बेरेंड सकाळी सहाला बटाट्याच्या स्टार्चच्या कारखान्यात जायचा तो दिवेलागणीला परतायचा. ग्रोनिंगनच्या त्या पीटच्या, म्हणजे जळणाच्या काळ्या मातीच्या, मुलखात सगळ्याच पुलांची हीच तऱ्हा. नेमणूक नवऱ्याची, पुलावर बायको. नावाडी लोक तर पुलांना बायकांच्याच नावानं ओळखायचे. खाली ग्रीटाचा पूल, मग हिलकाचा, मग वर म्हाताऱ्या सीनचा.

पूल होता लाकडी, पण पोटातून लोखंडी. सगळा भार हिलकाच्या काठावरच्या दगडी बुरुजावर, आणि बुरुजाच्या मधोमध जात्याला असतो तसा, पण मांडीएवढा जाड खुंटा. त्या खुंट्यावर अख्खा पूल फिरायचा. पाण्यावरचा भाग लांब, जमिनीवरचं शेपूट आखूड, म्हणून शेपटाच्या पोटात दगड भरून तोल साधलेला. नावेचा भोंगा वाजला की आधी पलीकडे जाऊन रस्त्यावर साखळी ओढायची, परत येऊन अलीकडची ओढायची. मग शेपटाखालची पाचर काढायची. पाचर निघाली की शेपूट चार बोटं खाली बसायचं आणि पलीकडचं टोक काठावरून अलगद उचललं जायचं. मग दांडा खोबणीत घालून खांदा लावायचा आणि बुरुजाभोवती चालायला लागायचं. तेरा पावलांत पूल काठाला लागून आडवा, आणि कालवा मोकळा.

सासरे म्हणायचे, "जोर लावायचा नाही. जोर लावलास तर तो सुटेल, मग थांबवायला तुझा बाप येणार का?"

पहिल्या वर्षी तिच्या खांद्यावर काळेनिळे वळ उठले. दुसऱ्या वर्षी ती एका हातानं पूल फिरवत दुसऱ्या हातानं पोरीला धरायला शिकली. बारा वर्षांत तिला प्रत्येक नावेचा भोंगा ओळखू यायला लागला. युर्यन नावाचा एक नावाडी आणि त्याची बायको फेम्मी महिन्यातून दोनदा तरी जायचे. युर्यन दुरूनच ओरडायचा, "काय गं हिलका, पूल फिरवतेस की लोणी घुसळतेस?"

"तू नाव हाकतोस की मेंढरं? जरा सरळ ठेव ती," ती म्हणायची, आणि फेम्मी सुकाणूवर बसून पोट धरून हसायची.

म्हणजे दुःखी बाई नव्हती ती. हे सांगायला हवं, कारण पुढं लोक म्हणायला लागले की ती पहिल्यापासूनच घुमी होती. तसं नव्हतं.

सन १९३३ च्या उन्हाळ्यात पुलाचा खुंटा झिजला. हे डोळ्यांना दिसलं नाही, खांद्याला कळलं. नवव्या पावलाला पूल जड व्हायचा आणि शेपूट एका अंगाला कलून बुरुजाच्या दगडाला घासायचं. गार सकाळी चालून जायचं, पण दुपारी ऊन तापलं, लोखंड फुगलं की पूल परत येताना अडायचा. मग बादलीनं कालव्याचं पाणी ओतायचं, थांबायचं, परत खांदा लावायचा. हिलकानं बेरेंडच्या नावानं कंपनीला पत्र लिहिलं. महिन्यानं दुसरं लिहिलं. तिसऱ्या पत्रानंतर बोलहाउस नावाचे देखरेख साहेब सायकलवरून आले, वाकून बुरुजाखाली बघितलं आणि हात झटकत म्हणाले, "झिजलाय खरा. पण आता बटाट्याचा हंगाम तोंडावर आलाय. दोनशे नावा जायच्यात इथून. पूल उतरवला तर कारखाने आमच्या नावानं बोंब मारतील. हिवाळ्यात बघू."

"आणि तोवर अडला तर?"

"बादली आहे ना तुमच्याकडे?" साहेब म्हणाले. थट्टेनंच म्हणाले, पण पुढं ते वाक्य त्यांनाही आठवत राहिलं असावं.

पुलापासून अलीकडच्या बाजूला दोन किलोमीटरवर एप्पोचं शेत होतं. त्याची बायको मार्खीन गावात जाता-येता पुलावर थांबायची, कठड्याला टेकून गप्पा मारायची. तिला पहिली मुलगी होती आणि दुसऱ्यांदा दिवस गेले होते. "पहिली इतकी पटकन झाली की सुईण कोट काढेपर्यंत सगळं आटपलं होतं," ती सांगायची. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती शेवटची आली तेव्हा तिनं हिलकाला ताकाचा लोटा दिला आणि म्हणाली, "आता मी नाही यायची महिनाभर. तूच ये बाळ बघायला."

तो गुरुवार होता. दहा दिवस पावसाचा थेंब नव्हता, आणि कारखान्यांच्या सांडपाण्यानं कालव्यावर पांढरा फेस धरला होता. त्या वासाची सवय असलेली माणसंसुद्धा खिडक्या लावून बसली होती. पावणेबाराच्या सुमारास खालून भोंगा वाजला. बटाट्यांनी काठोकाठ भरलेल्या दोन नावा, घोडे ओढत आणत होते. पुढची एका अनोळखी म्हाताऱ्याची, मागची युर्यनची.

हिलका पूल ओलांडून पलीकडची साखळी ओढायला गेली. साखळी हातात घेऊन तिनं सवयीनं रस्त्याकडे बघितलं. गावाकडून येणारा तो मातीचा रस्ता, लांब वळणावर पॉपलरच्या झाडांची रांग. तिथं धूळ उठली होती.

गुरुवारी त्या वेळेला पाववाल्याची गाडी यायची. पाववाला थांबायचा, खाली उतरून विडी ओढायचा, कालव्याच्या वासाला शिव्या घालायचा. त्याला घाई कधीच नसायची. भोंगा दुसऱ्यांदा वाजला. हिलकानं साखळी अडकवली, परत आली, पाचर काढली आणि चालायला लागली.

पुढची नाव अर्धी पार झाली तेव्हा पलीकडच्या काठावर गाडी येऊन थांबली. ती पाववाल्याची नव्हती. डॉक्टर वियर्डांची होती.

डॉक्टर साठीचे, अंगानं भारी. ते खाली उतरले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून म्हणाले, "बाई, लवकर बंद करा. एप्पोच्या घरी जायचंय. रक्त जातंय."

हिलकानं ऐकलं. युर्यनच्या नावेला हातानं थांबण्याची खूण केली, पुढच्या नावेचं शेपूट सरताच खांदा लावला. पहिली चार पावलं पूल आला. पाचवं पाऊल टाकलं आणि बुरुजाखालून करकर आवाज येऊन तो अडला. पलीकडचं टोक काठापासून दोन पुरुष लांब.

तिनं बादली घेतली. पाणी ओतलं. खांदा लावला. सासऱ्यांचा सगळा धडा विसरून जिवाच्या आकांतानं जोर लावला. पूल वीतभर सरकला आणि परत रुतला. परत पाणी. युर्यन नावेवरून उडी मारून आला, त्यानंही खांदा लावला. पलीकडे डॉक्टर काठावर येरझाऱ्या घालत होते, मधेच घड्याळ बघत होते.

पंधरा मिनिटं अशी गेली. शेवटी फेम्मी सुकाणूवरून ओरडली, "अरे, नाव आडवी घाला ना. माणूस नावेवरून चालून येईल."

हे आधी कुणालाच सुचलं नव्हतं. युर्यन बांबू घेऊन धावला. भरलेली नाव आडवी करायला आणखी दहा मिनिटं लागली. मग दोन्ही बाजूंना फळ्या टाकल्या आणि डॉक्टर बॅग छातीशी धरून बटाट्यांच्या ढिगावरून तोल सावरत अलीकडे आले. गाडी पलीकडेच राहिली. हिलकानं त्यांना आपली सायकल दिली. बायकांची सायकल, सीट खाली, त्यावर ते भारी शरीराचे डॉक्टर गुडघे फाकवून पायडल मारत गेले. दुसरा एखादा दिवस असता तर गाव आठवडाभर हसलं असतं.

पूल दुपारी तीनला मोकळा झाला. चार वाजता बातमी आली. मुलगा झाला, तो जिवंत होता. मार्खीन गेली.

संध्याकाळी बेरेंड कारखान्यातून आला तेव्हा हिलका खिडकीशी बसलेली होती. त्याला वाटेतच सगळं कळलं होतं. तो तिच्यापाशी बसला आणि म्हणाला, "खुंट्यानं घात केला. तीन पत्रं लिहिली आपण. तुझा काय दोष?"

"मी धूळ बघितली होती," हिलका म्हणाली.

"कसली धूळ?"

तिनं सांगितलं. बेरेंड उठून दार लावून आला आणि हळू आवाजात म्हणाला, "हे कुणाला सांगितलंस का?"

"नाही."

"मग सांगू नकोस."

गावाचं तोंड कोण धरणार? अंत्ययात्रेच्या दिवशीच कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, हिलका नावाड्यांशी चेष्टा करत बसली होती. कुणी म्हणालं, डॉक्टरांनी हॉर्न दिला तरी तिनं पूल उघडला. दुकानात ती शिरली की बोलणं बंद व्हायचं. दुकानदारीण कॉफी पुड्यात बांधता बांधता तिच्याकडे न बघता म्हणाली, "तुमचं काम म्हणजे जोखमीचं हो. एवढंसं दुर्लक्ष झालं की संपलं." हिलकानं पुडा घेतला आणि बाहेर आली. उत्तर द्यायला तिच्यापाशी शब्द होते, पण त्यातला प्रत्येक शब्द अर्धाच खरा होता.

त्याच्या पुढच्या आठवड्यात बोलहाउस साहेब चौकशीला आले. टेबलाशी बसले, कागद काढले. बेरेंड सुट्टी काढून घरी थांबला होता. साहेबांचा चेहरा उतरलेला होता. त्यांना झोप लागत नसावी.

"पूल अडला हे तर स्पष्टच आहे," ते म्हणाले. "तुमची पत्रंही दप्तरी आहेत. पण वरचे विचारणार की पूल अडतो हे ठाऊक असताना उघडण्याआधी रस्ता बघितला होता का?"

"बघितला होता," हिलका म्हणाली.

"रस्ता मोकळा होता?"

टेबलाखाली बेरेंडनं तिच्या पायावर आपला लाकडी जोडा हळूच ठेवला.

"वळणावर धूळ दिसली होती," ती म्हणाली. "मला वाटलं पाववाला आहे."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाई, हे लिहायलाच हवं असं नाही."

"तुम्ही विचारलंत."

"मी दुसऱ्या शब्दांत विचारू शकतो."

"तरी उत्तर तेच येईल," हिलका म्हणाली.

साहेबांनी लिहिलं. ते गेल्यावर बेरेंड चूल पेटवायला बसला आणि काड्या मोडता मोडता म्हणाला, "खोटं बोल असं मी म्हटलं नव्हतं. गप्प बस, एवढंच म्हटलं होतं. पण तुला आपल्या मनाचं ओझं उतरवायचं होतं. ते आता आमच्या डोक्यावर आलं." 'आमच्या' हा शब्द तिला लागला. त्यात तो होता, मुली होत्या. ती नव्हती.

एप्पो आला तो आणखी दोन दिवसांनी, गुरुवारीच. साडेअकराला. दाराशी उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही.

"साहेबांच्या कागदात काय लिहिलंय ते ऐकलं मी," तो म्हणाला. "कुठं उभी होतीस ते दाखव."

हिलका मांडीवरचं विणकाम बाजूला ठेवून उठली. दोघं पूल ओलांडून पलीकडच्या साखळीपाशी गेली. "इथं," ती म्हणाली.

एप्पो तिथं उभा राहिला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि रस्त्याकडे बघत राहिला. ऊन तसंच होतं, पाऊस अजून आला नव्हता. दहा-बारा मिनिटं दोघं तशीच उभी होती. मग पॉपलरच्या रांगेपाशी धूळ उठली.

"कोण आहे?" त्यानं विचारलं.

"सांगता येत नाही."

"नीट बघ."

"नीटच बघतेय, एप्पो. सांगता येत नाही."

एप्पोनं डोळे बारीक केले. "डॉक्टरच आहेत," तो म्हणाला. "उजवीकडून चालवतात बघ, धूळ गवताकडे जातेय. डॉक्टरच."

धूळ जवळ आली. त्यातून पाववाल्याची गाडी निघाली. पाववाल्यानं दोघांना एकत्र उभं बघितलं आणि त्या दिवशी न थांबता, विडी न ओढता, टोपीला हात लावून पूल ओलांडून गेला.

एप्पो कठड्याला टेकला. बराच वेळ पाण्यावरच्या फेसाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सुईण नऊ वाजता म्हणाली होती मला. डॉक्टरांना बोलाव म्हणाली. मी म्हटलं, पहिल्या वेळेला सगळं नीट झालं होतं, थोडं थांबू. शेतात बटाटे उघडे पडले होते. गडी लावले होते. साडेदहाला पाठवला मी माणूस, तो शेतातून सीनच्या पुलावरून गेला."

हिलका त्याच्या शेजारी कठड्याला टेकली.

"हे कुणी विचारलं नाही मला," एप्पो म्हणाला. "सगळे येऊन तुझंच नाव घेतात, आणि मी मान हलवतो. दोन आठवडे मान हलवतोय."

"डॉक्टर काय म्हणतात?" तिनं विचारलं. "वेळेवर आले असते तर?"

"विचारलं मी. ते म्हणाले, माहीत नाही. तीनदा विचारलं. तीनदा तेच. निदान एकदा तरी खोटं बोलायचं."

तिला वाटलं, आता हा रडेल, पण तो रडला नाही. त्यानं टोपी सरळ केली आणि आपल्या वाटेनं गेला. तिला माफ केलं असं तो म्हणाला नाही, तिनंही माफी मागितली नाही. पण पुढच्या रविवारी चर्चबाहेर लोक घोळक्यानं उभे असताना एप्पो मोठ्यानं म्हणाला, "माझ्या घरच्या मरणाबद्दल पुलावरच्या बाईला कुणाला काही बोलायचं असेल, तर आधी माझ्याशी बोला. उशीर माझ्या घरापासून सुरू झाला होता." लोक चपापले. दुकानातली कुजबुज त्यानंतर बंद झाली खरी, पण माणसं मोकळी झाली नाहीत. आता त्यांना दोघांशीही काय बोलावं ते कळेना.

नोव्हेंबरात कंपनीचं पत्र आलं. पूल दुसऱ्या माणसाकडे दिला आहे, घर महिनाअखेर रिकामं करावं. खुंट्याबद्दल एक ओळ होती, की हिवाळ्यात नेहमीची डागडुजी होईल. दोष कुणाचा, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. बेरेंडनं पत्र दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि कामावर गेला.

ते कारखान्यामागच्या चाळीत राहायला गेले. दोन खोल्या, एकच खिडकी, समोर विटांची भिंत. हिलकाला पहिल्या काही महिन्यांत भोंग्याच्या आवाजानं दचकून उठायची सवय होती. उठून दारापर्यंत जायची, मग आठवायचं की आपलं काही काम नाही. बेरेंड तिच्याशी बोलायचा, पण जेवणाबद्दल, मुलींच्या शाळेबद्दल. पुलाबद्दल तो नऊ वर्षं एक शब्द बोलला नाही. दहाव्या वर्षी, छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेला असताना, एका दुपारी छताकडे बघत म्हणाला, "मी तुझ्या पायावर पाय ठेवला होता ना, ते नको होतं करायला." ती म्हणाली, "जोरात नव्हता ठेवलास." तो हसला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. त्या हिवाळ्यातच तो गेला.

त्याच्या आधी, युद्धाच्या पहिल्याच सकाळी, माघार घेणाऱ्या सैनिकांनी कालव्यावरचे बरेच पूल उडवले होते, त्यात हिलकाचाही. बुरुज तेवढा राहिला. मग तराफ्यांचा पूल आला आणि युद्ध संपल्यावर विजेवर उचलला जाणारा लोखंडी. त्याच्यापाशी पाटी लावलेली होती, की डॉक्टर, सुईण आणि आगीचा बंब यांना आधी वाट द्यावी. तसा नियम फिरत्या पुलावर १९३४ पासूनच लागू झाला होता. नव्या रखवालदाराला डॉक्टरांच्या घरून निरोप देता यावा म्हणून टेलिफोनही बसवला होता. हे सगळं कुणामुळं झालं, ते त्या पाटीवर लिहायची पद्धत नसते.

एप्पोनं पुन्हा लग्न केलं नाही. मार्खीनच्या मुलाला त्याच्या बहिणीनं वाढवलं. हिलका त्या मुलाला लांबून ओळखायची, पण त्याच्याशी कधी बोलली नाही. एप्पो मात्र दर सप्टेंबरात, बटाट्याची पहिली नाव भरली की, चाळीच्या दाराशी यायचा. पोतंभर बटाटे ठेवायचा. बसायचा नाही. "कशी आहेस?" म्हणायचा. "आहे," ती म्हणायची. "आणि तू?" "आहे." एवढंच. शेजारणींना त्याचा अर्थ लावता यायचा नाही, आणि त्यांनी लावलेले अर्थ हिलकाच्या कानावर आले तरी ती तिकडे लक्ष द्यायची नाही.

सन १९६६ मध्ये कालवा बुजवायला घेतला. वाळूचे ट्रक दिवसभर ये-जा करत होते. मुलगी म्हणाली, "आई, चल, तुझा पूल होता ती जागा बघून येऊ. सगळं गाव जमलंय."

हिलका पासष्टची होती. ती म्हणाली, "तुम्ही जा. वारा बरा आहे, मला चादरी वाळत घालायच्यात."